पत्ता एक, सर्व्हर अनेक : सर्व्हलेटच्या पत्त्यांची प्रमाणभूत जोडणी

प्रतिनिधी

बँकेचे खाते तपासताना, परीक्षेचा निकाल पाहताना किंवा तिकिटाचे आरक्षण करताना ब्राउझरच्या पत्तापट्टीत एक लांबलचक पत्ता उमटतो. त्यातील यंत्राच्या नावापर्यंतचा भाग आपल्याला एका विशिष्ट सर्व्हरपाशी नेऊन सोडतो. त्यापुढील, तिरप्या रेषांनी विभागलेल्या भागाचा अर्थ कसा लावायचा आणि तेथे असलेल्या अनेक आज्ञावलींपैकी नेमकी कोणती चालवायची, हा निर्णय तो सर्व्हर घेतो. जावा भाषेत उभारलेल्या संकेतस्थळांत या निर्णयाच्या नियमांना 'सर्व्हलेट मॅपिंग', म्हणजेच पत्ता आणि आज्ञावली यांची जोडणी, असे म्हणतात.

वरवर पाहता हा केवळ तंत्रज्ञांचा विषय वाटतो. परंतु ही जोडणी एकाच कंपनीच्या सर्व्हरवर विसंबून केली, तर सर्व्हर बदलण्याच्या दिवशी निम्मी पाने सापडेनाशी होतात. एवढ्यावरही ते थांबत नाही. जे पान कोणालाच दिसू नये ते सर्वांना खुले झाल्याची उदाहरणेही घडली आहेत. म्हणूनच ही जोडणी कोणत्याही सर्व्हरवर सारखीच चालेल अशी कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सर्व्हलेट म्हणजे काय?

सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरमध्येच राहून काम करणारी जावा आज्ञावली. त्यापूर्वी सीजीआय ही पद्धत रूढ होती. तीत सर्वसाधारणपणे प्रत्येक मागणीगणिक नवी प्रक्रिया सुरू करावी लागे आणि गर्दी वाढली की यंत्रावर ताण पडे. सर्व्हलेट मात्र एकदा स्मृतीत चढवला की तोच वेगवेगळ्या थ्रेडमधून अनेक मागण्यांना उत्तरे देतो. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९७ मध्ये आपल्या 'जावा वेब सर्व्हर'सोबत ही पद्धत पुढे आणली. सर्व्हलेट चालवणाऱ्या यंत्रणेला 'कंटेनर' म्हणतात. टॉमकॅट, जेटी, वेबलॉजिक, वेबस्फिअर ही त्यांतील परिचित नावे होत.

१९९९ पूर्वीची स्थिती

सर्व्हलेटचा मजकूर प्रारंभापासूनच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येत होता. त्याचा पत्ता मात्र नेता येत नव्हता. जावा वेब सर्व्हरमध्ये सर्व्हलेटला टोपणनाव देण्यासाठी व्यवस्थापकाला त्या सर्व्हरच्या खास पडद्यावर जावे लागे. अपाची जेसर्व्हमध्ये 'झोन' पाडून त्यांच्या स्वतंत्र फाइली लिहाव्या लागत आणि मुख्य अपाची सर्व्हरच्या फाइलीतही नोंद करावी लागे. जेरनसारख्या उत्पादनांची रीत आणखी निराळी होती. परिणामी पत्त्यांची माहिती कार्यक्रमाजवळ न राहता सर्व्हरच्या पोटात राही. यंत्र बदलले की ती सारी नव्याने भरावी लागे आणि जुन्या व्यवस्थापकाने काय भरले होते याची नोंद अनेकदा कोठेच नसे.

यावर तात्पुरता उपाय म्हणून एक प्रथा पडली होती. पत्त्यात '/सर्व्हलेट/' असे लिहून पुढे जावा क्लासचे नाव लिहिले की सर्व्हर तो क्लास थेट चालवत असे. बहुतेक सर्व्हर ही सोय देत, त्यामुळे तीच प्रमाणभूत रीत आहे असा समज पसरला. प्रत्यक्षात नियमावलीने ती कोणत्याही सर्व्हरवर बंधनकारक केलेली नव्हती. या प्रथेची किंमत पुढे मोजावी लागली. तिचा विचार लेखात पुढे केला आहे.

वेब डॉट एक्सएमएलचा जन्म

१९९९ मध्ये आलेल्या सर्व्हलेट नियमावलीच्या २.२ या आवृत्तीने हा प्रश्न मुळापासून सोडवला. तिने 'वेब ॲप्लिकेशन' ही संकल्पना मांडली. सर्व्हलेट, जेएसपी पाने, चित्रे आणि अन्य फाइली एका ठरावीक रचनेत ठेवून 'वॉर' या एकाच गाठोड्यात बांधता येऊ लागल्या. या गाठोड्यातील 'वेब-आयएनएफ' या फोल्डरमध्ये 'वेब डॉट एक्सएमएल' नावाची फाइल असते. पत्त्यांची जोडणी याच फाइलीत लिहायची असे ठरले. वेब-आयएनएफमधील कोणतीही फाइल सर्व्हरने बाहेरच्या वाचकाला थेट देऊ नये, हाही त्याच व्यवस्थेचा भाग आहे.

जोडणी दोन पायऱ्यांत होते. पहिल्या नोंदीत जावा क्लासला एक नाव दिले जाते. दुसऱ्या नोंदीत, म्हणजे 'सर्व्हलेट-मॅपिंग'मध्ये, ते नाव पत्त्याच्या एका नमुन्याशी जोडले जाते. या नमुन्याला 'यूआरएल-पॅटर्न' म्हणतात. मधल्या नावामुळे बाहेरचा पत्ता आणि आतला क्लास एकमेकांपासून मोकळे होतात. उद्या क्लास बदलला तरी वाचकाने जपून ठेवलेला पत्ता बदलत नाही.

चार नियम, एक क्रम

एका पत्त्याला अनेक नमुने लागू पडत असतील तर काय करायचे, याचे उत्तर नियमावलीने निश्चित करून ठेवले आहे. सर्व्हर पुढील क्रमाने शोध घेतो आणि पहिली जुळणी होताच थांबतो.

१. तंतोतंत जुळणी : पत्ता नमुन्याशी अक्षरशः जुळला पाहिजे.

२. मार्गाची जुळणी : नमुना तिरप्या रेषेने सुरू होऊन '/*' ने संपतो. असे अनेक नमुने जुळत असतील तर सर्वांत लांब नमुना जिंकतो.

३. विस्ताराची जुळणी : नमुना '*.' ने सुरू होतो, उदाहरणार्थ '*.जेएसपी'. यात पत्त्याच्या शेवटच्या भागातील शेवटच्या बिंदूनंतरचा मजकूर पाहिला जातो.

४. मूलभूत सर्व्हलेट : वरीलपैकी काहीच जुळले नाही तर केवळ '/' या नमुन्याशी जोडलेला सर्व्हलेट मागणी हाताळतो.

या चौघांव्यतिरिक्त पूर्ण रिकामा नमुनाही असतो. २००९ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्याचा अर्थ 'ॲप्लिकेशनचे नेमके मूळ पान' असा ठरला आहे.

एका कल्पित ग्रंथालयाच्या ॲप्लिकेशनवरून हे स्पष्ट होईल. त्यात '/शोध' हा नमुना शोध सर्व्हलेटला, '/यादी/*' हा यादी सर्व्हलेटला, '/यादी/जुनी/*' हा संग्रह सर्व्हलेटला, '*.पान' हा पान सर्व्हलेटला आणि '/' हा मूळ सर्व्हलेटला जोडला आहे असे समजू. आता येणाऱ्या मागण्या अशा वाटल्या जातील :

'/शोध' : शोध सर्व्हलेट.
'/शोध/' : मूळ सर्व्हलेट, कारण शेवटच्या तिरप्या रेषेमुळे तंतोतंत जुळणी होत नाही.
'/यादी' : यादी सर्व्हलेट. '/यादी/*' या नमुन्यात '/यादी' हा पत्ताही येतो.
'/यादी/कादंबरी' : यादी सर्व्हलेट.
'/यादी/जुनी/१९६०' : संग्रह सर्व्हलेट, कारण त्याचा नमुना अधिक लांब आहे.
'/यादी/मुखपृष्ठ.पान' : यादी सर्व्हलेट. मार्गाची जुळणी विस्ताराच्या आधी येते.
'/मुखपृष्ठ.पान' : पान सर्व्हलेट.
'/यादीपत्र' : मूळ सर्व्हलेट. जुळणी एकेका अक्षराने होत नाही, तिरप्या रेषांमधील संपूर्ण भागांनी होते.

फाइलीत कोणती नोंद आधी आणि कोणती नंतर, याचा या निकालावर काहीही परिणाम होत नाही. हीच या व्यवस्थेची खरी ताकद आहे. तसेच '/यादी/*.पान' असा मिश्र नमुना नियमावलीला मान्य असलेल्या प्रकारांत बसत नाही. त्यातील ताऱ्याला काहीही विशेष अर्थ उरत नाही आणि तो केवळ तंतोतंत जुळणीसाठी वापरला जातो. टॉमकॅट अशा नमुन्याविषयी आपल्या नोंदवहीत इशाराही लिहितो.

मोठी आणि लहान रोमन अक्षरे नियमावलीच्या दृष्टीने भिन्न आहेत. विंडोजच्या यंत्रावर फाइलींच्या नावांत हा भेद जाणवत नाही. त्यामुळे तेथे तयार झालेली पाने लिनक्सच्या सर्व्हरवर गेल्यावर चित्रांचे दुवे तुटतात. पत्ते सर्वत्र लहान अक्षरांत लिहिण्याची शिस्त म्हणूनच हितावह ठरते.

'/' आणि '/*' यांतील अंतर

एका ताऱ्याच्या फरकाने सर्वाधिक घोटाळे होतात. '/*' हा मार्गाचा नमुना असल्याने तो विस्ताराच्या जुळणीवर मात करतो. जेएसपी पाने चालवणारी सर्व्हरची अंगभूत जोडणी विस्तारावरच आधारलेली असते. त्यामुळे '/*' ला जोडलेल्या सर्व्हलेटने एखाद्या जेएसपी पानाकडे मागणी पुढे धाडली, तर ती मागणी पुन्हा त्याच सर्व्हलेटकडे परत येते आणि न संपणारे चक्र सुरू होते. असा व्यापक नमुना फिल्टरसाठी मात्र योग्य आहे. २.३ या आवृत्तीत आलेले फिल्टर मागणी सर्व्हलेटपर्यंत पोचण्यापूर्वी तपासतात. सर्व्हलेट एकच निवडला जातो, तर फिल्टर जुळतील तेवढे सगळे चालतात. पत्त्याच्या नमुन्याने जोडलेल्या फिल्टरांच्या बाबतीत फाइलीतील क्रम मोजला जातो.

'/' हा नमुना जेएसपीच्या आड येत नाही, पण तो सर्व्हरच्या मूलभूत सर्व्हलेटची जागा घेतो. चित्रे, सीएसएस अशा साध्या फाइली देण्याचे काम तोच करीत असतो. ती पुन्हा त्याच्याकडे सोपवायची तर त्याचे नाव ठाऊक हवे आणि हे नाव प्रत्येक सर्व्हरवर वेगळे आहे. टॉमकॅट, जेटी आणि ग्लासफिशमध्ये ते 'डिफॉल्ट' आहे, वेबलॉजिकमध्ये 'फाइलसर्व्हलेट', वेबस्फिअरमध्ये 'सिंपलफाइलसर्व्हलेट', तर रेझिनमध्ये 'रेझिन-फाइल'. स्प्रिंग या लोकप्रिय चौकटीला ही नावे आपल्या मजकुरात स्वतंत्रपणे बाळगावी लागली, यावरूनच हा भाग नियमावलीच्या कुंपणाबाहेर आहे हे दिसते. '/ॲप/*' यासारखा स्वतंत्र मार्ग सर्व्हलेटला दिला तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

पत्त्याचा पहिला भाग कोणाचा?

वर दिलेले सर्व नमुने ॲप्लिकेशनच्या आतले आहेत. त्यांच्या आधी येणारा भाग, म्हणजे 'कॉन्टेक्स्ट पाथ', सर्व्हरवर ॲप्लिकेशन बसवताना ठरतो. टॉमकॅटमध्ये तो सामान्यतः वॉर फाइलीच्या नावावरून घेतला जातो, वेबलॉजिक आणि जेबॉसमध्ये त्यांच्या खास फाइलींतून देता येतो. अनेक भाग एकत्र बांधणाऱ्या 'इअर' गाठोड्यात त्यासाठी प्रमाणभूत जागा आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, पानावरील दुव्यांत '/ग्रंथालय/यादी' असा संपूर्ण मार्ग हाताने लिहू नये. आज '/ग्रंथालय' येथे असलेले ॲप्लिकेशन उद्या थेट मुळाशी बसवले तर असे सारे दुवे निकामी होतात. चालू पाथ विचारून घेण्याची सोय २.२ आवृत्तीपासूनच उपलब्ध आहे आणि जेएसपीच्या प्रमाणभूत टॅगांमधील 'यूआरएल' हा टॅग तो आपोआप जोडतो.

'/ग्रंथालय/यादी/कादंबरी' या मागणीचे कंटेनर तीन भाग करून देतो : '/ग्रंथालय' हा कॉन्टेक्स्ट पाथ, '/यादी' हा सर्व्हलेट पाथ आणि '/कादंबरी' हा पाथ इन्फो. विस्ताराच्या जुळणीत मात्र पाथ इन्फो रिकामाच येतो. म्हणून जोडणीचा प्रकार बदलताना सर्व्हलेट पत्त्याचा कोणता भाग वाचतो, हेही तपासावे लागते.

मराठी पत्ते आणि अक्षरांचे गणित

मराठी संकेतस्थळांच्या दृष्टीने एक बाब विशेष महत्त्वाची आहे. पत्त्यातील देवनागरी मजकूर ब्राउझर टक्के चिन्हांच्या सांकेतिक रूपात पाठवतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. जुळणी मूळ अक्षरे परत मिळवल्यावर होते. टॉमकॅट ७ पर्यंत हे रूपांतर ठरीव स्थितीत आयएसओ-८८५९-१ या युरोपीय पद्धतीने होत असे, त्यामुळे '/यादी' चे रूपांतर निरर्थक चिन्हांत होई. टॉमकॅट ८ पासून ठरीव पद्धत यूटीएफ-८ आहे. जुन्या सर्व्हरवर 'यूआरआय-एन्कोडिंग' ही नोंद स्पष्टपणे करावी लागते. सर्व्हलेट पाथ आणि पाथ इन्फो मूळ अक्षरांत मिळतात, तर कॉन्टेक्स्ट पाथ आणि संपूर्ण मागणीचा पत्ता सांकेतिक रूपातच मिळतो, हा भेदही ध्यानात ठेवावा.

सोयीची किंमत

आता त्या '/सर्व्हलेट/' प्रथेकडे वळू. ती चालवणाऱ्या भागाला 'इन्व्होकर' म्हणतात. पत्त्यात क्लासचे नाव लिहिताच तो क्लास चालतो, मग त्याची जोडणी केलेली असो वा नसो. साहजिकच वेब डॉट एक्सएमएलमध्ये एखाद्या पत्त्यावर लावलेले संरक्षण याने सहज चुकवता येते, कारण तेथील बंधने पत्त्याला लावलेली असतात, क्लासला नव्हे. २००२ मध्ये टॉमकॅटमध्ये हेच उघडकीस आले. इन्व्होकरमार्फत मूलभूत सर्व्हलेटला हाक मारून जेएसपी पानांचा मूळ मजकूर वाचता येत होता. त्या वर्षीच्या ४.०.५ आणि ४.१.१२ या आवृत्त्यांत ही फट बुजवण्यात आली व इन्व्होकर ठरीव स्थितीत बंद ठेवण्यात आला. टॉमकॅट ७ मधून तो काढूनच टाकला गेला.

तरीही धडा संपला नव्हता. सॅप कंपनीच्या जावा सर्व्हरमधील इन्व्होकरवर २०१० मध्ये उपाय जाहीर झाला. मात्र अनेक ठिकाणी तो अमलात आला नाही. मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्ट या शासकीय यंत्रणेने याविषयी जाहीर इशारा दिला. सुरक्षा क्षेत्रातील ओनॅप्सिस या कंपनीला जगभरातील किमान ३६ संस्थांच्या यंत्रणांत याच फटीतून गैरवापर झाल्याच्या खुणा आढळल्या होत्या. उपाय उपलब्ध झाल्यानंतर जवळपास सहा वर्षांनी हे घडले.

मधला दुभाषी

आज बहुतेक जावा सर्व्हरांपुढे एक प्रॉक्सी सर्व्हर उभा असतो. तो पत्ता वाचून मागणी आत सोडतो. पण दोघे एकच पत्ता वेगळ्या अर्थाने वाचू शकतात. जावा कंटेनर पत्त्याच्या एखाद्या भागातील अर्धविरामानंतरचा मजकूर बाजूला काढतो. म्हणून '..;' हा भाग प्रॉक्सीला साधे फोल्डर वाटतो, तर कंटेनरला 'एक पायरी वर जा' अशी आज्ञा. जुलै २०२० मध्ये गाजलेल्या एफ५ कंपनीच्या बिग-आयपी उपकरणांतील दोषाचे मूळ हेच होते. लॉगिन पानाच्या खुल्या पत्त्यापुढे '..;' जोडून परवानगीशिवाय आतल्या पानांपर्यंत पोचता येत होते. या दोषाला तीव्रतेच्या मोजणीत १० पैकी १० गुण मिळाले होते. २०२२ च्या ६.० आवृत्तीने पत्ता कसा शुद्ध करून घ्यावा याचे सविस्तर नियम घातले असून संशयास्पद पत्ते ४०० क्रमांकाच्या त्रुटीने नाकारण्याचे ठरवले आहे.

नवी रीत, तेच नियम

३.० आवृत्तीपासून जोडणी वेब डॉट एक्सएमएलऐवजी जावा मजकुरातच 'वेबसर्व्हलेट' या अनोटेशनने लिहिता येते. ग्रंथसंग्रहासोबत येणाऱ्या 'वेब-फ्रॅगमेंट' फाइलीही त्यात भर घालू शकतात. ही रीत सुटसुटीत आहे. मात्र पत्त्यांची एकत्र यादी एका जागी पाहावयास मिळत नाही. अशा वेळी वेब डॉट एक्सएमएलमधील नोंद अनोटेशनवर मात करते आणि 'मेटाडेटा-कंप्लीट' हे चिन्ह लावले की अनोटेशन व फ्रॅगमेंट विचारात घेतली जात नाहीत. एकच नमुना दोन सर्व्हलेटना जोडला गेला, तर नव्या नियमांनुसार ॲप्लिकेशन सुरूच होऊ नये असे ठरले आहे. २०१७ मधील ४.० आवृत्तीत, आलेली मागणी कोणत्या नियमाने जुळली हे सर्व्हलेटलाच विचारता येऊ लागले.

२०१७ मध्येच ओरॅकलने हे तंत्रज्ञान एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे जाहीर केले आणि २०२० मध्ये जावा पॅकेजांच्या नावांतील 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आले. टॉमकॅट ९ जुनी नावे जाणतो, तर टॉमकॅट १० पासून नवी. त्यामुळे जुना जावा मजकूर नव्या सर्व्हरवर तसाच चालत नाही. पत्त्यांच्या जुळणीचे चार नियम मात्र या स्थित्यंतरातही बदलले नाहीत.

ध्यानात ठेवण्याजोगे

• प्रत्येक सर्व्हलेटला स्पष्ट नमुना द्यावा. क्लासचे नाव पत्त्यात येऊ देऊ नये.
• जुन्या सर्व्हरवर इन्व्होकर चालू आहे काय, हे तपासून तो बंद करावा.
• तंतोतंत, मार्ग, विस्तार आणि मूलभूत या चार प्रकारांबाहेरचा नमुना लिहू नये.
• '/*' हा नमुना फिल्टरसाठी राखावा, सर्व्हलेटसाठी टाळावा.
• दुव्यांत कॉन्टेक्स्ट पाथ हाताने लिहू नये.
• संरक्षणाचे नमुने लिहिताना '/शोध' आणि '/शोध/' हे दोन भिन्न पत्ते आहेत, हे विसरू नये.
• सर्व्हर बदलण्यापूर्वी पत्त्यांची यादी करून ती किमान दोन भिन्न कंटेनरांवर तपासावी.

पत्ता हा संकेतस्थळाने वाचकाला दिलेला शब्द असतो. तो ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या फाइलीत, सर्वमान्य नियमांनी लिहिलेला असेल, तर यंत्र, कंपनी वा आवृत्ती बदलली तरी तो पाळता येतो.